पोटात ढवळतंय, सिस्टर

डहाणू रोडला आमचं छोटं हॉस्पिटल. ऑपरेशन झालेले पेशंट माझ्या वॉर्डात येतात आणि भूल उतरता उतरता बऱ्याच जणांना मळमळतं. इंजेक्शन देतोच, पण आमच्या डॉक्टर सरांचा भर साध्या उपायांवरही असतो: मनगटाचा पट्टा, आलं, वास, सावकाश श्वास. त्या साध्या उपायांचं पुढे काय होतं, ते घरी सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

*

तलासरीकडची एक बाई, पित्ताशयाचं ऑपरेशन. मनगटापासून तीन बोटं अंतरावर दाब देणारा पट्टा मी स्वतः तिला बांधला. अर्ध्या तासाने बघते तर पट्टा गायब! सापडला तो तिच्या नवऱ्याच्या मनगटावर. पोटाला लावलेली नळी बघून त्यालाच गरगरलं होतं. बाई पडल्या पडल्या त्याला वारा घालत होती.

मी पट्टा काढायला गेले तर म्हणाली, "राहू द्या त्याला. मला सवय आहे."

*

आगर गावची एक मासेवाली मावशी. मळमळलं की आम्ही स्पिरिटचा बोळा हुंगायला देतो. मावशीला त्यानेच जास्त उमळून यायला लागलं. सून घरी जाऊन पदराखालून सुके बोंबील घेऊन आली. मावशीने ते नाकाशी धरले, दोन लांब श्वास घेतले आणि शांत झोपली. मी थक्क!

शेजारच्या तीन खाटांना मात्र उलटीचे ट्रे पुरेनात.

*

पण सगळ्यांवर कडी केली ती एका तांडेलाने. चाळीस वर्षं मासेमारीची बोट चालवलेला माणूस, हर्नियाचं दुसरं ऑपरेशन. पहिल्या वेळचे टाके ओकाऱ्यांच्या ताणाने उसवले होते. आता उसवले तर बोट कायमची सुटली, असं सरांनी स्पष्ट सांगितलेलं.

इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, आलं झालं. उमासे थांबेनात. टाक्यांवर उशी दाबून धरताना मी खरंच घाबरले होते. तो कसाबसा म्हणाला, "सिस्टर, खाट हलत नाय. म्हणून ढवळतंय."

मी सरांना फोन करायला काउंटरवर गेले. परत येते तर काय! भेटायला आलेल्या त्याच्या चार खलाशांनी खाटेच्या चाकांचे ब्रेक काढले होते आणि खाट संथपणे पुढे-मागे झुलवत होते. डोक्याकडचा खलाशी मधूनच ती बाजू जराशी उचलत होता. तांडेल घोरत होता.

मी ओरडणार, तेवढ्यात मागे सर येऊन उभे राहिले. सरांनी पुढे होऊन पोटावरची पट्टी तपासली, नाडी पाहिली. मग खलाशांना हळूच म्हणाले,

"थांबू नका. फक्त लाटा मोठ्या करू नका."