नाल्याकडच्या ओळी

संत्र्याची ती झाडं जळाली, ती ताईच्या हातानं नाही. हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मी नागपुरात फळझाडांवरच्या फवारण्या तपासण्याचं काम करतो. ताई आणि भाऊजींची बाग काटोलकडे. जुनी झाडं वाळली तेव्हा ताईनं नवी कलमं लावली, विहीर आटली त्या उन्हाळ्यात डोक्यावर पाणी नेऊन जगवली. बागेत तिचा शब्द चालायचा.

त्या हिवाळ्यात थंडीची लाट येणार होती. रात्रभर गारठलेल्या पानावर सकाळी आमचं लख्ख ऊन पडतं. पान ऊन घेतं, पण त्यातून अन्न करायची ताकद गारठून गेलेली असते. मग तेच ऊन पानाला आतून जाळतं. थंडीच्या आधीच सॅलिसिलिक आम्लाची हलकी फवारणी केली तर पान तयारीत राहतं, असं मला वाटत होतं. ते पडताळायचं तर तुलनेसाठी काही झाडांवर नुसतं पाणी मारावं लागतं.

हे मी त्यांना सांगितलं नाही. परक्या शेतकऱ्याला सांगितलं असतं, त्याची परवानगी घेतली असती. इथं वाटलं, घरचीच तर बाग. शिवाय भाऊजी म्हणाले असते, साऱ्याच झाडांना द्या. ते आम्ल आधी स्पिरिटमध्ये विरघळवावं लागतं. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून नुसत्या पाण्यातही मी तेवढंच स्पिरिट ओतलं.

भाऊजींनी ड्रमात नाक घातलं. मी बायकोचा भाऊ, म्हणून ते मला थट्टेनं साळेसाहेब म्हणतात. "साळेसाहेब, झाडाईले दारू पाजून राहिले का?"

"पिऊ द्या नं," ताई म्हणाली. "थंडी तरी वाजणार नाही त्याईले. तुमच्यावानी गाणं तर नाही म्हणणार!"

विहिरीकडच्या ओळी भाऊजींनी घेतल्या, नाल्याकडच्या ताईनं. ज्याचा त्याचा ड्रम वेगळा असला की घोळ होत नाही, म्हणून पाण्याचा ड्रम मी ताईला दिला. नाल्याकडे जमीन खोलगट, गारठा तिथंच साचतो, म्हणजे तुलना म्हणूनही ती खोटीच होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

लाट आली आणि गेली. मी परत गेलो तेव्हा विहिरीकडची पानं बरी होती. नाल्याकडची पिवळी पडून कडांनी करपली होती, कोवळे शेंडे काळे झाले होते. पान किती शाबूत आहे ते मोजायला मी पानांना चिमटे लावून यंत्रावर आकडे घेत होतो. ताई माझ्या मागं उभी होती.

भाऊजी आले. "तू काय केलं वं? पंप नीट मारला नाही का?"

"अवो, साऱ्याईले सारखंच मारलं."

"मंग तुह्याच ओळी काहून जळल्या? सांगा गा साळेसाहेब, औषध तर एकच होतं नं?"

तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. मी यंत्राकडे बघत म्हणालो, "फवारणी हातावर असते, भाऊजी. कमीजास्त होते कधी."

ताईनं आपला हात उलटा करून पाहिला, जणू त्यालाच विचारत होती.

भाऊजी वाईट माणूस नाहीत. पण पंप त्यांनी पुन्हा तिच्या हाती दिला नाही, आणि तिनंही मागितला नाही. हळूहळू ती बागेत जायचीच थांबली. कलमं कुठली आणायची हे आता भाऊजी एकटेच ठरवतात. नाल्याकडची बरीच झाडं पुढं उपटावी लागली.

परवा ती नागपुरात हुडकेश्वरला आमच्याकडे आली होती. माझ्या बायकोनं गच्चीवर लिंबाचं रोप लावलंय, त्याला पाणी घाला म्हणाली, तर ताई मागं सरकली. "मी नाही वं घालत. माह्या हातानं झाडं जातात."

मी तिथंच होतो, चहा पीत. तेव्हाही बोललो नाही.

औषधाचं काय झालं, ते चाललं की नाही, हे मला त्या बागेतून कधीच कळणार नाही. त्याचं आता वाईटही वाटत नाही. ताई झाडांपासून लांब झाली ती माझ्या एका वाक्यानं. भाऊजींच्या देखत तिला खरं सांगणं आणि तिची माफी मागणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.