नदीपलीकडचे नाना

पाणी सोडायच्या दिवशी नाना रस्त्याच्या कडेला वाकत आणि हातातल्या चावीला कान लावून उभे राहत. चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी सळई. वर आडवी मूठ, खाली व्हॉल्व्हवर बसणारी चौकोनी खोबण. सळई जमिनीखालच्या व्हॉल्व्हवर टेकवायची, मुठीला कान द्यायचा आणि थोड्या वेळाने शांतपणे म्हणायचं, “आलं. पुलावर हाय आता. मारुतीपासून खाली भांडी लावून घ्या.” की दहाव्या मिनिटाला मारुतीच्या आळीतले नळ फुरफुरायला लागत. बायका त्यांच्याकडे ज्या विश्वासाने बघत, तसं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नाही. मी हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. नाना नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायला होते. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि हे मी आज पहिल्यांदाच लिहून काढतो आहे.

आमची वस्ती नदीच्या पलीकडे. कागदावर शारदानगर, गावाच्या तोंडी पल्याड. ही लहानशी नदी पावसाळ्यात दोन महिने नदीसारखी वागते, नंतर डबक्याडबक्यांनी पडून राहते आणि पुढे कुठेतरी तेरणेला मिळते. नदीकडची बाजू काळ्या मातीची, मागची टेकाडाची. मधे आम्ही: पूल, मारुतीचं देऊळ, शाळा, दवाखाना, बुधवारचा बाजार, पिठाची गिरणी आणि मोकळ्या प्लॉटांवरच्या वेड्या बाभळी. इथे आलेल्या पहिल्या दहा घरांत माझं घर. या वस्तीचा जाणकार म्हणून आपलं नाव व्हावं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पुण्यामुंबईत कुणी ओळखावं असं मला कधी वाटलं नाही. पल्याडला कुणाचं काही अडलं तर त्याने ‘सरांना विचारू’ म्हणावं, बस्स. पण लोक म्हणायचे, “नानाला इचारू.”

काही आठवायचं असलं की माणसं वर छताकडे बघतात. नाना खाली मातीकडे बघायचे. “थांबा, सांगतो,” म्हणायचे, पायातली चप्पल जरा मागेपुढे करायचे आणि मग बोलायचे. नवीन भाडेकरू दवाखाना विचारत आला तर त्याला ते तीन नंबरच्या व्हॉल्व्हपाशी पाठवत. गिरणी म्हणजे चार नंबर. स्मशानाच्या वाटेवरचा नळ सात नंबर. गंमत म्हणजे हळूहळू सगळी वस्ती याच भाषेत पत्ते सांगायला लागली. एकदा आमच्या घरी पाहुणे यायचे होते. मी फोनवर त्यांना शाळेपासून पश्चिमेला वळा, मग उत्तरेला, असं समजावत होतो. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “तीन नंबरच्या व्हॉल्व्हसमोर या, कुणीही सांगेल.” पाहुणे पाच मिनिटांत आले. मी त्या दिवशी चहासुद्धा नीट प्यायलो नाही.

पण माझा खरा तिळपापड झाला तो नववीच्या परिसर भेटीच्या वेळी. समोच्च रेषा शिकवायच्या म्हणून मी सुट्टीतला महिनाभर खपून वस्तीच्या चढउताराचा नकाशा काढला होता. तो पुठ्ठ्यावर चिकटवून मुलांना घेऊन निघालो. दवाखान्याच्या बोळाशी नाना व्हॉल्व्ह बंद करत बसले होते. मी मुलांना सांगितलं, इथून जमीन नदीकडे उतरत जाते. नानांनी नकाशाकडे बघितलंही नाही. मातीकडे बघून म्हणाले, “सर, ह्या बोळाचा उतार उलटा हाय. नदीकडं न्हाय, शाळंकडं. हितल्या घरात पाणी वरच्या मजल्याला चढत न्हाय, शाळंच्या टाकीत मातुर बिनमोटरचं चढतंय.” मुलांनी लगेच बोळात बादलीभर पाणी ओतून बघितलं. पाणी सावकाश शाळेकडे निघालं. मुलं त्याच्यामागे निघाली आणि नाना मुलांच्या मागे. मी पुठ्ठा धरून बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. पुढे तासभर नानांनी कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढतं एवढंच सांगितलं, आणि अख्ख्या वर्गाला समोच्च रेषा समजल्या.

मग मी एक काम मुद्दाम हाती घेतलं. ‘आमची वस्ती: भूगोल, इतिहास आणि सोयी’ अशी पुस्तिका लिहायला घेतली. लिहिणं नानांच्याने होणार नव्हतं, तिथे तरी मी एकटा. भूगोल जमला, सोयींची यादी जमली. इतिहासापाशी गाडी अडली. कागदोपत्री पल्याडला इतिहासच नव्हता. शेवटी मी सहज गप्पा माराव्यात तसा नानांपाशी जाऊन बसायला लागलो. निजामाच्या काळात पुलाच्या जागी नदी पायी ओलांडायचा उतार होता आणि उतारावर करोडगिरीचा नाका होता, येणाऱ्याजाणाऱ्या मालावर तिथे जकात घेत, नाक्यावरच्या शिपायांचे तंबू आजच्या बाजाराच्या जागी असत, हे सगळं त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं. मी ते घरी येऊन उतरून काढलं आणि पुस्तिकेत ‘जुन्या जाणकारांच्या मते’ असं म्हणून छापलं. नानांचं नाव घालायला जागा नव्हती असं नाही. पान अर्धं कोरं होतं. पुस्तिकेची एक प्रत त्यांना दिली तेव्हा त्यांनी ती दोन दिवसांत वाचली आणि म्हणाले, “लई झ्याक लिवलंय सर. ह्यातलं निम्मं मला ठावंच नव्हतं.” ते साधेपणाने म्हणाले की टोमणा मारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तिकेमुळे माझा थोडा भाव वाढला. वस्तीच्या समितीचा मी सचिव झालो. वस्तीला वाचनालय हवं म्हणून मी तीन वर्षं अर्ज करत होतो, ते मंजूर झालं. बाजाराच्या मागचा मोकळा प्लॉट ठरला. त्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी मी तिथून जात होतो. नानांनी व्हॉल्व्ह उघडता उघडता मला हाक मारली. म्हणाले, “सर, वाचनालय जरा चार पावलं वर सरकवा. हितं नाक्यावरल्या घोड्याची इहीर हाय. भूकंपाच्या साली पडक्या भिंतीची माती टाकून बुजवली. वरनं दिसत न्हाय, पण जमीन पोकळ हाय.” मी म्हणालो, “नाना, जुन्या नकाशात विहीर नाही. मी बघितलाय नकाशा.” ते मातीकडे बघून म्हणाले, “नकाशात नसंल. हितं हाय.”

आता खरं लिहितो. मला त्यांचं पटलं होतं. तिथल्या तिथे पटलं होतं. पण इंजिनिअरसमोर ते सांगायचं म्हणजे ‘आमच्या नानांनी सांगितलं’ असं म्हणावं लागलं असतं. माझं वाचनालय, माझे अर्ज, माझा नकाशा, आणि जागा ठरवणार व्हॉल्व्हवाले नाना. माझी जीभ रेटली नाही. इंजिनिअर साहेबांनी बैठकीत विचारलं, जागेबद्दल कुणाला काही सांगायचंय का, तेव्हा मी नकाशाची गुंडाळी करत होतो.

वाचनालय त्याच जागी उभं राहिलं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्याचा नदीकडचा कोपरा खचला. भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. रविवार होता, आत कुणी नव्हतं, हे नशीब. पुस्तकं शाळेच्या एका खोलीत हलवली आणि वाचनालयाला कुलूप लागलं ते आजतागायत आहे. कोपरा उकरला तेव्हा विहिरीचं घडीव दगडांचं तोंड निघालं. बैठक बसली. साहेब तापलेले. “एवढी मोठी विहीर, आणि वस्तीत एकालाही माहीत नव्हती?” असं त्यांनी विचारलं. मी खाली बघत बसलो. पाइपलाइनचं काही विचारायचं म्हणून नानांनाही बोलावलं होतं, ते दाराशी उभे होते. ते म्हणाले, “मला ठावं होतं साहेब. सांगायचं राहून गेलं. इसरलो.” साहेबांनी त्यांना चार लोकांत असं झापलं की माझेच कान तापले. मी तोंड उघडलं नाही. शरम वाटली, पण तिच्याही आधी हेवा वाटला. या माणसाला खोटंसुद्धा इतक्या सहज आणि इतक्या चांगल्या कामासाठी बोलता येतं, आणि मला खरंही बोलता येत नाही, असं वाटलं.

त्यानंतर नाना माझ्याशी पहिल्यासारखेच वागले, हे तर फारच झालं. त्यांनी एकदा तरी टोचून बोलावं म्हणून मी वाट बघत होतो. ते मला बघून पूर्वीसारखेच म्हणायचे, “सर, वैनीस्नी सांगा, आज दाब कमी हाय, खालची टाकी आधी भरा.” अशी काही वर्षं गेली. मी निवृत्त झालो, पुढच्या वर्षी नानाही झाले. नानांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या, मुलगी येडशीला दिलेली. तिने त्यांना राहायलाच बोलावून घेतलं.

पल्याडने नानांना निरोप द्यायचा ठरवला. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. मला निरोप दिला तेव्हा स्टाफरूममध्ये वीस माणसं होती. नानांसाठी पटांगण भरलं, आणि बायका ओट्यावर बसल्या. मी त्या डोक्यांकडे बघतच बोलायला उभा राहिलो. चार चांगले शब्द बोलून झाले आणि मग ठरवून आलो होतो ते बोललो. म्हणालो, “विहिरीबद्दल नाना विसरले नव्हते. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी ते दडवलं. वाचनालय माझ्यामुळे खचलं.”

कुणी चकित झालं नाही. पुढच्या रांगेतला दत्तू टेलर जरा संकोचून म्हणाला, “सर, ते आमाला ठावं हाय की.” मला कळेना. तो म्हणाला, “नानानं तुमाला सांगितलं तवा पाण्याचा दिस होता. सगळी आळी बादल्या लावून तितंच उभारली होती. समद्यांनी ऐकलं. पुढं वाचनालय खचलं, तर नाना घरोघर जाऊन सांगून आला, सरांपाशी हे कुणी काढायचं न्हाय म्हणून.” मी ओट्याकडे बघितलं. ही पदर सारखा करत होती. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं लोक मला वाकून नमस्कार करत होते, कार्यक्रमांना पुढे बसवत होते, ते सगळं नानांनी घरोघर फिरून माझ्यासाठी मिळवलेलं होतं. नाना दत्तूवर वैतागून म्हणाले, “तुला काय गरज होती रं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेलो. त्यांच्याकडे एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी होती. मी विचारलं, “नाना, असं का केलंत? माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यात.” त्यांनी खाली बघितलं, चप्पल मागेपुढे केली. म्हणाले, “मला झापलं तर काय होतंय सर? सांजच्याला पाणी सोडायला म्या हायच. तुमाला झापलं असतं, तर दुसऱ्या दिशी पोरांपुढं कसं उभारला असताव?” मग म्हणाले, “आन तुमी चुकलाव म्हणून पोरांनी नकाशाच खोटा मानला असता. नकाशा पायजेच की. म्या किती दिवस पुरणार?” बस आली. पेटी मी वर चढवून दिली. डोळे भरून आले होते आणि त्या वेळीही आत कुठेतरी चडफडत होतोच, कारण हे वाक्य खरं तर भूगोलाच्या मास्तराने बोलायला हवं होतं.

नाना गेल्यावर लोक माझ्याकडे यायला लागले. दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात नदीकडच्या प्लॉटवर एकाने घराचा पाया घातला आणि जोतं किती उचलावं हे विचारायला आला. आता या एका गोष्टीतलं नानांना काही माहीत नव्हतं. मोठा पूर आला तेव्हा ते येडशीला मुलीकडे बाळंतपणाला गेले होते आणि मी एकट्याने छत्री धरून, पाणी चढेल तसतशा भिंतींवर खडूने खुणा केल्या होत्या. पल्याडची एवढी एकच माहिती माझी, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी मिळवलेली. मी त्या माणसाला म्हणालो, जोतं अजून दोन फूट उचला. त्याने खर्चाचा विचार करत डोकं खाजवलं आणि विचारलं, “हे नानांचं सांगणं हाय का, सर?” मी म्हणालो, नाही, मी स्वतः बघितलंय. “बरं, बघू,” म्हणाला आणि उठला. फाटकापर्यंत गेला तरी त्याच्या चेहऱ्यावर काही ठरल्यासारखं दिसेना. घरात त्याची म्हातारी आई आणि दोन लेकरं राहायला येणार होती. मी त्याला परत हाक मारली आणि म्हणालो, “अहो, नानांनीच सांगितलंय. मी विसरलो होतो.” त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने गवंड्याला सांगून जोतं दोन फूट वर घेतलं, आणि मी दुपारभर घरात बसून राहिलो.