टेलरचाचांचा तक्ता

आमच्या टेलरचाचांनी आयुष्यात कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं दुकान आहे. मी तिथे नोकरीला होतो तेव्हापासून माझ्या पँटी तेच शिवतात. दर वेळी मी म्हणायचो, "चाचा, मागचंच माप लावा," आणि दर वेळी ते गळ्यातला टेप काढून माझ्या पोटाला वेढा घालायचे. "मागचं माप मागच्या मानसाचं, भाऊ. आता कोन आलं ते पाहू द्या." दुकानातलं कॅलेंडरसुद्धा ते समोरच्या पानवाल्याच्या कॅलेंडरशी ताडून बघत. मुलगी वर्गात पहिली आली, तेव्हा पाठ थोपटण्याआधी त्यांनी दुसऱ्या आलेल्या मुलीच्या घरी जाऊन चौकशी केली होती.

अशा माणसाच्या हाती टाळेबंदीत मोबाइल आणि रिकामा वेळ आला. लग्नं रद्द, मशीन बंद. इंटरनेटवरच्या एका विश्वकोशात कुणीही भर घालू शकतो आणि कुणीही ती खोडू शकतो. तिथे करोना रुग्णांचा आणि मृतांचा जिल्हावार तक्ता होता. मी एव्हाना अमरावतीला राहायला आलो होतो, म्हणून अमरावतीची ओळ मी सांभाळायचो, अकोल्याची चाचा सांभाळायचे आणि माझ्या ओळीवर पहाराही तेच द्यायचे. संध्याकाळी प्रशासनाचं पत्रक आलं की ते बेरीज दोनदा वरून खाली करत आणि एकदा खालून वर. आकड्यासोबत पत्रकाची लिंक नसली की तो खोडत आणि कारण लिहीत, 'आधार नाही'. कुणी घाबरून आकडा फुगवायचं, कुणी गावाची अब्रू राखायला कमी करायचं, आणि लोक तर तोच तक्ता बघून घराबाहेर पडायचं की नाही ते ठरवत होते. एकदा मी टीव्हीवर ऐकलेला आकडा टाकला, तर पाच मिनिटांत फोन.

"काहून टाकला? पत्रक आलं का?"

"टीव्हीवर सांगितला, चाचा."

"आन् टीव्हीवाल्याले कोनं सांगतला?"

आकडा त्यांनी आधीच खोडला होता.

दुसऱ्या लाटेत त्यांची थोरली बहीण गेली. आपा अकोला जिल्ह्यातल्याच बाळापूरच्या. आई लवकर गेल्यावर चाचांना त्यांनीच वाढवलं, काज-बटण करायलाही त्यांनीच शिकवलं. कापसाला भाव नव्हता म्हणून आपांच्या घरात छतापर्यंत कापूस भरलेला, पाय ठेवायला जागा नाही. त्या अमरावतीला लेकीकडे राहायला आल्या होत्या. इथेच आजारी पडल्या आणि इथल्याच दवाखान्यात वारल्या. जिल्ह्याची हद्द बंद होती, चाचांना येता आलं नाही. कब्रस्तानात लांब उभा राहून मी फोनवर त्यांना सांगत होतो, आणि ते फक्त "हो, हो" म्हणत होते.

त्या संध्याकाळी अकोल्याच्या पत्रकात आपा नव्हत्या, कारण मृत्यू अमरावतीत झाला. अमरावतीच्या पत्रकातही नव्हत्या, कारण राहणार बाळापूर. दोन जिल्ह्यांच्या याद्या जुळायला वेळ लागणार होता. चाचा रोज दोन्ही पत्रकं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत आणि मला फोन करत. "आज बी नाही, भाऊ." आठवडाभर हे ऐकल्यावर माझ्याने राहवेना. मी अकोल्याच्या मृतांमध्ये एक वाढवला.

तीन मिनिटांत तो खोडला गेला. 'आधार नाही.'

मी चिडून फोन लावला. "चाचा, मी तिथे उभा होतो. डोळ्यांनी पाहिलंय मी."

चाचा म्हणाले, "तुमी खोटं बोलून राहिले असं मी म्हनत नाही. पन आपासाठी आज असाच एक लावला, तं उद्या दुसऱ्याचा कोन्या तोंडानं खोडू? आन् कोनी बी येऊन पुसून टाकन असा आकडा मले तिचा नाही पायजे."

ते दोन्ही कार्यालयांना अर्ज लिहीत राहिले, दर वेळी तितक्याच अदबीने. अखेर एका संध्याकाळी अकोल्याच्या पत्रकात तळाशी इतर जिल्ह्यांत वारलेल्यांची यादी आली. तिच्यात तालुका बाळापूर, एक महिला, आणि आपांचं वय.

"आलं," चाचा फोनवर म्हणाले.

"मग लावा ना."

"तुमी लावा. घरच्या मानसाचं आपन लावू नाही."

मी एक वाढवला, तक्त्याखाली टीप लिहिली, पत्रकाची लिंक दिली. ते फोन धरून होते. "लावला?" "लावला." "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं की टिपेत मी घाईघाईत आदल्या दिवशीच्या पत्रकाची लिंक दिली होती. आपांची नोंद नसलेल्या पत्रकाची. मी ती मुद्दाम तशीच ठेवली. म्हटलं, आता फोन येईल, आता माझी खरडपट्टी निघेल. दोन दिवसांत त्यांनी वाशिमच्या बेरजेतली चूक धरली, यवतमाळच्या कुणाला तरी झापलं. त्या टिपेला मात्र त्यांनी हातच लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी ती गुपचूप दुरुस्त केली. त्यांनी एकदा मला झापलं असतं, तर मला फार बरं वाटलं असतं.