चुलबंद आवतण आणि बारा रिस्टबँड

वॉकीटॉकीवर आवाज आला, "प्रतीक्षा मॅडम, आपके आर्टिस्ट गेटपे आये हैं. कितने बोले थे आपने?"

"बारा."

पलीकडे माणसं मोजल्याचा आवाज आला. मग, "आप एक बार इधर आ जाओ."

बोलत होते तिवारीजी, आमच्या गेटचे सिक्युरिटी सुपरवायझर. तिवारीजी कधीच कोणाला गेटवर बोलवत नाहीत, परस्पर हाकलतात. त्यामुळे मी हातातला ज्यूस तसाच ठेवला आणि पळाले.

आधी थोडं सांगते, नाहीतर गोंधळ होईल. म्हणजे माझा झालाच, तुमचा नको. मी एका इव्हेंट कंपनीत आर्टिस्ट कोऑर्डिनेटर आहे. कलाकाराला त्याच्या घरून स्टेजपर्यंत आणायचं, खाऊ घालायचं, वेळेवर चढवायचं, उतरवायचं, परत घरी धाडायचं, हे माझं काम. मुंबईत एप्रिल-मेमध्ये सुट्ट्या लागल्या की असले महोत्सव जोरात असतात. आमचा एका मोठ्या लॉनवर होता. एकीकडे मातीची भांडी करायचं वर्कशॉप, एकीकडे कठपुतळ्या, संध्याकाळी मेन स्टेजवर कथ्थक, बँड, लोकनृत्य. त्यातला लोकनृत्याचा स्लॉट माझा होता. पहिल्यांदाच एक अख्खा स्लॉट माझ्या नावावर. मी एवढी खूश होते की मीटिंगमध्ये कोणी विचारायच्या आत बोलून टाकलं, "माझ्या गावाजवळची ठाकरवाडी आहे, त्यांचा नाच आणते. वीस मिनिटं. बारा जण."

गाव म्हणजे शहापूरवरून किन्हवलीकडे जाताना लागतं ते. तिथून वर डोंगराला चिकटून चांगोबाबांची वाडी. चांगोबाबा वाडीतले जाणते. ढोलकी त्यांच्याकडे, शब्दही त्यांचाच चालतो.

तर मी गेटवर पोचले. बाहेर फुटपाथवर बारा जण होते. मुंडासं बांधलेले, कमरेला घुंगरू, चार ढोलक्या. अगदी फोटोत असतात तसे. आणि त्यांच्या मागे एक अख्खा लग्नाचा टेम्पो रिकामा होत होता. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, एक नुकतीच बाळंत झालेली पोरगी, डोक्यावर करवंदांच्या पाट्या.

मला वाटलं दुसऱ्या कोणाचं तरी वऱ्हाड चुकून इकडे आलं. मे महिनाच होता. मग त्यातल्या तिघी मला बघून हसल्या आणि मला कळलं, हे वऱ्हाड माझंच आहे.

"बाबा," मी म्हटलं, "मी बारा सांगितले होते ना?"

चांगोबाबांनी मुंडासेवाल्यांकडे बोट केलं. "नाचाला बारा. मोजून आनलेत. बघ तू."

"मग हे बाकीचे?"

"ते जेवाया."

"जेवायला?"

"तूच नाय का बोललीस गो. चुलबंद आवतण हाय म्हनून. आज वाडीत कोनी चूल पेटवली नाय."

आणि मग मला आठवलं मी काय बोलून आले होते.

झालं असं. वाडीवर फोन लागत नाही, म्हणून मी स्वतः जाणार होते. आई म्हणाली, "नुसती हात हलवत जाशील तर कोन येल? हळदीचे तांदूळ घेऊन जा. नीट आवतण दे." आमच्याकडे आवतण म्हणजे आमंत्रण, पण तोंडी. घरोघर जाऊन उंबऱ्यावर हळद लावलेले तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं. घरटी एकाला बोलवायचं असेल तर तसं बोलायचं. सगळ्या घराला बोलवायचं असेल तर म्हणायचं, चुलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटायला नको, सगळे आमच्याकडे जेवा. मी लहानपणापासून आईला हेच म्हणताना ऐकलंय. चांगोबाबांच्या दारात तांदूळ ठेवले आणि तोंडातून तेच निघालं. शेजारची बाई दारात उभी होती. तिला कसं सोडणार? तिच्या शेजारची पण उभी होती. अशी मी वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत गेले. नाचाला बारा हे मी वेगळं सांगितलं होतं, चांगलं आठवतंय. त्यांनाही आठवत होतं. दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबर पाळल्या होत्या.

तिवारीजी म्हणाले, "बारा को आर्टिस्ट बँड है. बाकी का क्या करू?"

बँड म्हणजे रिस्टबँड, मनगटावर बांधायची कागदी पट्टी. रंगावरून माणूस ओळखायचा. निळा आर्टिस्टचा, हिरवा तिकीटवाल्यांचा, लाल स्टॉलवाल्यांचा, सोनेरी स्पॉन्सरच्या पाहुण्यांचा. पट्टी नाही तर आत नाही. लॉनवर किती माणसं घ्यायची ते ठरलेलं असतं, आग लागली तर सगळ्यांना बाहेर पडता यावं म्हणून. आणि त्या संध्याकाळी लॉन फुल होतं.

मी वॉकीवर अदिती मॅडमना पकडलं. त्या आमच्या प्रॉडक्शन हेड, म्हणजे माझ्या बॉस.

"मॅडम, माझ्याकडे जास्तीची माणसं आलीत."

"परफॉर्म करणारेत?"

"नाही."

"मग ऑडियन्स आहेत?"

"तसंही नाही म्हणता येणार."

"मग कोण आहेत, प्रतीक्षा?"

"जेवायला आलेत."

मग मॅडम म्हणाल्या, "स्टॉलवर?"

"नाही मॅडम, आपल्याकडे. म्हणजे मी बोलावलंय. म्हणजे मी बारालाच बोलावलंय, पण आवतण सगळ्यांना आहे."

"मला एक अक्षर कळलेलं नाहीये," मॅडम म्हणाल्या. "बारा जणांना बँड बांध आणि आत आण. बाकीच्यांना सॉरी म्हण. पुढचा स्लॉट तुझा आहे."

खरं सांगू, त्या चूक नव्हत्या. मी बँड घेऊन चांगोबाबांकडे गेले. "बाबा, तुम्ही बारा जण आत चला. बाकीच्यांना थोडा वेळ इथे—"

"नको," चांगोबाबा म्हणाले. रागाने नाही, अगदी सहज. "आमी हाव हितं. तुमचं होऊन दे."

"पण नाच?"

"जेवल्याबिगर पावना नाचतो का? आन एक जेवला, एक उपाशी, असा बी नाय नाचत."

आणि सगळी वाडी फुटपाथवर झाडाखाली बसली. कुरकुर नाही, आवाज नाही. बायांनी पोरांना मांडीवर घेतलं. एका आजीने करवंदं काढून तिवारीजींपुढे धरली. "घे रं बाबा, उनात उभा हायस." तिवारीजी नाही नाही म्हणता खायला लागले.

ती शांतता मला सहन होईना. ते भांडले असते तर सोपं होतं. आवतण देऊन माणसं दारातून उपाशी परत पाठवली, तर आई त्या वाडीच्या वाटेने कशी जाणार? भाताची लावणी करायला आमच्याकडे तीच माणसं येतात, आणि त्यांच्या लग्नात आई हळद दळायला जाते. आणि इकडे स्लॉट रिकामा गेला तर माझं पहिलं काम हेच शेवटचं. मला दोन्ही दिसत होतं आणि दोन्हीपैकी आधी काय करायचं ते अजिबात सुचत नव्हतं.

मी आईला फोन लावला.

"किती आलेत?" आईने विचारलं.

"सगळे."

"म्हंजे मान ठेवला," आई म्हणाली. तिला आनंदच झाला. "जेवन काय केलंस?"

"आई, मी जेवण कसं करणार? मी ऑफिसला आहे."

"आवतण तू दिलंस ना? मंग वाढाया तू उभी ऱ्हा. ऑफिस काय जेवत नाय का?"

आई नेहमीसारखी फोन ठेवून मोकळी झाली. मी तशीच उभी. ऑफिस जेवत नाही का. ऑफिस जेवतं की. स्टेजच्या मागे आमचा क्रू जेवतो. क्रू म्हणजे लाइटवाले, मांडववाले, केबल ओढणारे, सगळे पडद्यामागचे. त्यांच्यासाठी केटरर मागच्या आवारात मोठ्या टोपात डाळ-भात शिजवतो. ते आवार स्टेजला लागूनच, पण लॉनच्या जाळीच्या कुंपणाबाहेर आहे. तिथे जायला सर्व्हिस गेट आहे, जिथून जनरेटर आणि पाण्याचे टँकर येतात. तिथे कोणी बँड विचारत नाही, कारण ते आवार आमच्या इव्हेंटमध्ये धरतच नाहीत.

"तिवारीजी, सर्व्हिस गेटने गेलं तर चालेल?"

त्यांनी तोंडातली बी थुंकली आणि विचार केला. "उधर से तो अंदर आना होता ही नहीं."

"तेच म्हणते मी."

"तो मुझे क्या पूछना है?"

सगळी वाडी वळसा घालून मागे गेली. केटररने आम्हाला बघितलं आणि पळी खाली ठेवली. "एवढी माणसं? ताई, भात नाही पुरणार."

वाडीतल्या दोघीतिघी आधीच टोपात डोकावल्या होत्या. एकीने विचारलं, "तांदूळ हाय ना? मंग टाक की दुसरा आधन. आमी बसतो चुलीपाशी." गॅसची शेगडी होती, पण त्यांना काही फरक पडला नाही. पहिला टोप मुंडासेवाल्यांना आणि पोरांना. मी ओढणी कमरेला खोचून वाढत होते आणि वॉकीवर मॅडम ओरडत होत्या, "प्रतीक्षा, स्टँडबाय! तुझे लोक कुठे आहेत?"

"जेवतायत मॅडम."

"आत्ता?"

चांगोबाबांनी शेवटचा घास घेतला, हात धुतला, दुसरा भात उतरताना बघितला. सगळ्यांच्या ताटात पडणार याची खात्री झाली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "आन ते तुजं कंगन." बारा जणांनी निळे बँड बांधून घेतले आणि आम्ही स्टेजच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा अँकर त्यांचं नाव घेतच होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नाच सुरू झाला. ढोलक्या मधे, बाकीचे भोवती गोल. चांगोबाबा एक ओळ म्हणायचे, गोल ती उचलायचा. लोकांनी मोबाइल वर केले. माझ्या जरा जिवात जीव आला.

मग साउंडचा नीलेश माझ्याकडे वळला. "बॅकिंग ट्रॅक कोणी लावला?"

बॅकिंग ट्रॅक म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला आवाज, गाण्यामागे वाजवतात तो. मी म्हटलं, "कोणी नाही."

"मग या बायका कुठून गातायत?"

खरंच, बायकांचा आवाज येत होता. चांगोबाबांची ओळ संपली की गोल उचलायचा आणि त्याच्यावर पंचवीस-तीस बायकांचा आवाज यायचा. नीलेशने एकेक चॅनल बंद करून बघितला. आवाज तसाच. त्याने हेडफोन काढून कानात बोट घातलं. अदिती मॅडम धावत आल्या. "हे कोण गातंय? आपण परवानगी घेतलीये का याची?"

आमच्या स्टेजमागे काळं कापड असतं. त्याला मास्किंग म्हणतात. मागचा पसारा प्रेक्षकांना दिसू नये म्हणून लावतात. मी ते बाजूने सारून बघितलं. पलीकडे, भाताच्या टोपांच्या मधल्या जागेत, वाडीच्या बायांनी गोल धरला होता. ढोलकी ऐकू आल्यावर त्या काय करणार? उष्टे हात तसेच. त्यांच्यात दोन लाइटवाले होते, केटरर होता, आणि तिवारीजी होते, टोपीसकट, पाय चुकवत.

मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"प्रतीक्षा, हे आत आहेत की बाहेर?"

"बाहेर मॅडम. सर्व्हिस एरियात."

"म्हणजे लॉनच्या आकड्यात धरायचे नाहीत."

"नाही."

मॅडमनी वॉकी तोंडाशी नेला. मला वाटलं आता तिवारीजींची नोकरी गेली, मग माझी. त्या म्हणाल्या, "मास्किंग ओपन करा. पूर्ण."

कापड दोन्ही बाजूंना सरकलं. समोरच्या लोकांना आधी काही समजलंच नाही. स्टेजवर बारा जणांचा गोल, त्याच्यामागे जनरेटरची गाडी, वाफ येणारा भात, आणि दुसरा मोठा गोल. चांगोबाबांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्यांना आवाज कोणाचा ते माहीत होतं. वीस मिनिटांचा स्लॉट कधी संपला कोणी बघितलं नाही. पुढच्या बँडचा गिटारवाला खाली उतरून भाताच्या टोपाशी जाऊन उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू मीटिंगमध्ये यावर बराच वेळ गेला. स्पॉन्सरला विचारायचं होतं की सेट कोणी डिझाइन केला. नीलेशला समजून घ्यायचं होतं की माइक नसताना एवढा आवाज कसा आला. केटररने क्रू उपाशी राहिल्याची तक्रार लिहिली होती, खाली स्वतःच लिहिलं होतं की तक्रार मागे घेतो. मॅडम मला म्हणाल्या, "तू चूक केलीस की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. तोपर्यंत कामावर ये." मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्याच्या आदल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. वाडीची माणसं टेम्पोत चढत होती. मी आणि मॅडम निरोप द्यायला उभ्या होतो. मी तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं, फक्त हात जोडले. मॅडम मात्र अगदी मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पण या हं. सगळे या."

चांगोबाबांनी टेम्पोच्या फळीला धरून खाली बघितलं. "सगळेच?"

"हो, सगळेच," मॅडम म्हणाल्या.

"बरं," चांगोबाबा म्हणाले. "मंग बाजूच्या वाडीला पन सांगतो."

तिवारीजींनी माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोकडे.

या धंद्यात मी एवढंच शिकले, की आमंत्रण कोणी, कोणाला आणि कुठल्या शब्दांत दिलं ते भाताचं आधण ठेवायच्या आधी विचारून घ्यावं. पुढच्या वर्षीच्या लॉनची पाहणी झाली. सगळ्यांनी स्टेज बघितलं. मी मागे जाऊन गॅसच्या शेगड्या किती बसतील ते बघून आले.