कडी नसलेलं विद्यापीठ

माझ्या भाचीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘आई’ नाही, ‘बाबा’ नाही. ‘शी!’ मी तिचा मुका घेतला होता, तर गाल पुसत म्हणाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि नावं ठेवायची खोड तर माझी जुनीच. मी तिथल्या तिथे तिचं नाव ‘शीशी’ ठेवलं. ते चिकटलं ते चिकटलंच.

शीशीला सगळ्याची किळस. दुधावरची साय, दुसऱ्याचा कंगवा, ओलं पायपुसणं, बोटाला थुंकी लावून पान उलटणारी माणसं. टीव्हीवर निवडणुकीची भाषणं लागली तरी शी. ती मात्र शेवटपर्यंत बघायची, नाक मुरडत. शाळा संपल्यावर म्हणाली, "मी राज्यशास्त्र घेणार."

"अगं, ज्याची किळस येते तेच शिकणार?"

"डॉक्टर नाही का पू बघत?"

घ्या!

दोन विद्यापीठांनी तिला घेतलं. एक मोठं, नावाजलेलं. माझा दादा, म्हणजे तिचा बाप, ऑफिसात त्याचा डंका पिटूनसुद्धा आला होता. दुसरं लहान, ज्याचं नाव सांगितलं की लोक म्हणतात, "हे कुठं आलं?" रविवारपर्यंत एकाला होकार कळवायचा होता, आणि एकदा कळवला की माघार नाही. दादाला सुट्टी नाही, वहिनीला गाडी लागते. दोन्हीकडे बघायला तिच्यासोबत गेली कोण? फुकटची आत्या.

लहान विद्यापीठात आम्हाला आधी वास भेटला. ओल्या मोज्यांचा आणि शिळ्या कॉफीचा. लिफ्ट बंद. बाकाखाली हात गेला तर कुणाचं तरी च्युइंगम, अजून मऊ. खिडकीत एक कप, त्यात हिरवी बुरशी अशी दाटलेली की मला वाटलं, हिला रोज पाणी घालत असतील. टॉयलेटच्या दाराला कडी नाही. शीशी आत, मी बाहेर दार धरून, आणि आतून एकसारखं, "शी! शी! शी!"

मी म्हटलं, "अगं, काय करतेयस ते जाहीर तरी करू नकोस."

मग एका वर्गात मागे बसलो. सरांच्या शर्टावर सकाळचा नाश्ता होता. त्यांनी फळ्यावर मोठं वाक्य लिहिलं, तर पुढची एक मुलगी म्हणाली, "सर, मागच्या आठवड्यात तुम्ही बरोब्बर उलटं सांगितलंत." सर भांडले. मुलगीही भांडली. मग सर थांबले, डोकं खाजवलं, "बरोबर आहे तुझं, मी चुकलो," म्हणाले आणि शर्टाच्या बाहीनं फळा पुसला.

"बाहीनं!" शीशी माझ्या कानात. "आत्या, उठ. चल इथून."

झालं. मोठं विद्यापीठ नक्की. दादा खूश.

मोठ्याकडे फरशी अशी की तिच्यात मला माझी हनुवटी दिसली, दोन्ही दिसल्या. हात धुवायला वासाचा साबण, पुसायला मऊ रुमाल. शीशीचा चेहरा उजळला. माहिती द्यायला एक गोडबोली मुलगी होती. तिनं सभागृहातल्या पहिल्या सोफ्यावर बसलेले देणगीदार दाखवले. "हे ज्यांच्या नावाचं सभागृह, तेच ते. त्यांचा पुतण्याही यंदा येतोय."

आलेल्या मुलांचा एक खेळ ठेवला होता, लुटुपुटीची निवडणूक. हात वर करून प्रतिनिधी निवडायचा. उभे राहिले दोघं. एक अडखळत बोलणारी मुलगी, पण काय बोलली पोरगी! दुसरा तो पुतण्या, त्याचे बूट त्याच्यापेक्षा हुशार दिसत होते. मुलीसाठी हातांचं रान उगवलं. पुतण्यासाठी इकडे एक, तिकडे एक, टकलावरच्या केसांसारखे.

विभागप्रमुखांनी हात पाहिले. मग सोफा पाहिला. मग हसले. "वा! काय चुरस! थोडक्यात बाजी मारलीय..." आणि पुतण्याचा हात धरून वर केला.

मग सोफ्यानं टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनी. ती अडखळणारी मुलगीसुद्धा वाजवत होती, खाली बघून. मी वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात केक होता. एक घास घेतला. तोंडात साबण गेल्यासारखं वाटलं.

शीशी शेजारी नव्हती. शोधलं तर वासाच्या साबणानं हात धूत होती. धुतेय, धुतेय, कातडं सोलायचं बाकी.

"काय लागलं गं हाताला?"

"मी टाळ्या वाजवल्या."

"सगळ्यांनीच वाजवल्या."

"हो ना. शी!" म्हणाली, पण त्या ‘शी’ला आवाज नव्हता. असली ‘शी’ मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

परतीच्या रस्त्यावर ती स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होती. मग म्हणाली, "आत्या, त्या बाहीवाल्या सरांनी काय पुसलं होतं गं?"

"खडू. अजून काय!"

"स्वतःचंच वाक्य पुसलं."

घरी दादानं आकाशपाताळ एक केलं. "एका खेळापायी एवढं विद्यापीठ सोडतेस? सगळीकडे हेच चालतं!"

"चालू दे. माझ्या हातांनी त्याला टाळ्या वाजवायला नकोत, बाबा."

"आणि तिथली घाण? तूच म्हणालीस, कडीसुद्धा नाही!"

"ती घाण दिसते तरी," शीशी म्हणाली. "फिनेल नेईन."

रविवारी तिनं लहान विद्यापीठाला होकार कळवला. दादा ऑफिसात कुणाशी बोलेना. मी जाताना तिला फिनेलची मोठी बाटली दिली, वर चिठ्ठी चिकटवून: ‘शीशीची शिशी.’ ती हसली नाही. माझे विनोद तिला किळसवाणे वाटतात.

परवा तिचा फोन आला. कपातली बुरशी म्हणे जिवंत आहे, आता तिला फांद्या फुटल्यात. मी विचारलं, "आणि ती कडी? बसली का?"

"कडी नाही बसली. समिती बसलीय."

"अगं बाई! आणि त्या समितीत कोण?"



"मी," ती म्हणाली. "हात मोजून निवडलं. मी स्वतः परत मोजले. शी, आत्या, एकाची नखं काय काळी होती!"