भोक कशानं पाडायचं

माझी बायको गेली तेव्हा तिनं टाकलेले पऱ्हे वीतभर झाले होते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. बी तीच फेकायची. मला हात लावू देत नसे. म्हणायची, तुमचा हात एका जागी ढीग पाडते. ती गेली आणि पाऊसही थांबला. वाफ्यांना भेगा पडल्या. विहिरीत पाणी होतं, मोटर चांगली होती, पण मोटरच्या स्टार्टरची पेटी त्याच आठवड्यात जळाली.

कशानं जळाली, तेही सांगतो. त्या लोखंडी पेटीला खालून एक भोक असतं, वायरचा पाइप आत घ्यायला. आमच्या पेटीचं भोक माझ्या साळ्यानं छन्नीनं पाडलेलं, पाइपाच्या दुप्पट. उरलेल्या फटीतून पाल शिरली आणि दोन फेजांच्या मध्ये चिकटली. पाल गेली, स्टार्टर गेला.

तुमसरच्या राइस मिलमध्ये जन्मभर वायरमन होतो मी. अशा पेट्या किती बसवल्या, त्याचा हिशेब नाही. पण आमच्या भावकीत रीत अशी, की सुतकात घरच्या माणसानं औजार धरायचं नाही. विळा नाही, कुदळ नाही, नट आवळायचा पानासुद्धा नाही. मग मी गोणपाटावर बसून होतो. भेटायला येणारे येत, तोंड पाडून बसत, चहा आला की आपल्या जावयांच्या बढाया सांगत. वाफे कोणी बघून आला नाही. गावोगावी मोटरी चालू होत्या, त्यामुळे दुसरा वायरमनही मोकळा नव्हता. बायकोच्या हातचं शेवटचं काम डोळ्यांदेखत पिवळं पडत होतं.

माहेरच्यांचं सुतक लवकर फिटतं, म्हणून साळा आला. चिखल्याच्या खाणीत फिटर आहे तो. नवी पेटी घेऊन आला, स्टार्टर आत बसवूनच. भोक तेवढं पाडायचं होतं. अंगणात त्यानं पिशवी उलटी केली.

"हे काय आणलं बे?" मी विचारलं.

"होल सॉ आहे, भाऊजी. ड्रिलले लावली का गोल भोक."

होल सॉ म्हणजे वाटीच्या आकाराची करवत. जाड लोखंडाला ती बरी. पातळ पत्र्यात तिचा दात अडकला की हात पिरगाळते. शिवाय लोखंडाचा कीस उडतो, आणि स्टार्टर आत असला की तो कीस नेमका त्याच्यात जाऊन बसतो. आज चालेल, चार दिवसांनी फटाका.

"स्टार्टर काढ पहिले," मी म्हटलं.

"कायले? फडकं टाकतो ना वरून."

"फडक्यानं कीस थांबते का? तुझं डोकं फडक्यात बांध."

गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाला माझा चुलतभाऊ बसला होता. भावकीतला वडीलधारा, रीतभात सांभाळायचा ठेका त्यानंच घेतलेला. तो म्हणाला, "तू कायले बोलून राहिला? तुले सुतक आहे."

"जिभेलेही सुतक आहे का?"

"असते तं बरं झालं असतं," तो म्हणाला.

साळ्यानं ड्रिल लावलं. करवत पत्र्यावर नाचली, मग गपकन अडकली आणि पेटीच गरगर फिरली. त्याच्या अंगठ्याची साल गेली. पिशवीत पायऱ्यापायऱ्यांचा एक बिटही होता. तो हळूहळू भोक मोठं करत जातो आणि काम साफ करतो, खोटं कशाला बोलू. पण त्याची शेवटची पायरीसुद्धा आमच्या पाइपाहून लहान. दुकानात उभं राहून पाइप मापावा, मग औजार घ्यावं, एवढं या माणसाला कधी सुचलं नाही. शेवटी अंगठा चोखत त्यानं छन्नी उचलली.

मी उठलो. छन्नी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि बांबूच्या बेटात फेकली.

"अरे अरे!" चुलतभाऊ ओरडला. "औजार धरलं! सुतक बाटवलं!"

घरातून मी माझा पंच आणला. साधं औजार आहे. एका बाजूला धारेचा तुकडा, दुसऱ्या बाजूला वाटी, मधून जाड बोल्ट. बोल्टपुरतं लहान भोक पाडायचं, पत्रा दोघांच्या मध्ये धरायचा आणि पान्यानं आवळत जायचं. कीस उडत नाही. पत्र्याची गोल टिकली कापून निघते. पाइपाच्या मापाचं भोक, पालीला जागा नाही.

"तू हे आता ठेवून दे," चुलतभाऊ म्हणाला. "नाहीतर तेरवीले आमच्या घरचा कोणी जेवणार नाही."

"नका जेवू. वाफ्यातले पऱ्हे तुमच्या जेवणानं हिरवे होतात का?"

"तिच्या आत्म्याले काय वाटन?"

"तिले तिचं धान मेलं तं वाटन. मले विचार, मी राहिलो तिच्याबरोबर. तू नाही."

स्टार्टर काढून बाजूला ठेवला. हातड्रिलनं लहान भोक पाडलं. बोल्ट घातला, पाना लावला. अंगात जोर नव्हता. खाल्लं कोणी होतं? पाना अर्धा फिरे आणि थांबे. साळा बघत उभा होता.

"पंच होता तं तवा काहून नाही दिला मले?" तो म्हणाला. "जुन्या पेटीच्या वख्ती?"

"दिला होता. तुले पाना फिरवाचा कंटाळा. छन्नीनं एका मिनटात होते म्हणे!"

"बाईनं काही म्हटलं नव्हतं." बहिणीला तो बाई म्हणायचा.

"तू भाऊ होता तिचा. तुले ते काय म्हणन?"

त्यावर तो खाली बसून औजारं पिशवीत भरू लागला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

टक्क करून टिकली खाली पडली. कडेवर कानस फिरवली, पाइप घातला, आतून चेकनट आवळला. पाइप हलेना. स्टार्टर परत बसवला. दुपारी शेतात पेटी लावली, लाईन आली तेव्हा मोटर चालू केली. पाणी वाफ्यांत शिरताना भेगांतून बुडबुडे निघत होते.

विहिरीकडच्या बाजूचे पऱ्हे वाचले. उताराकडचे गेले, ते उपटून फेकले. तेरवीला चुलतभावाचं घर आलं नाही. त्याच्यामागे आणखीही काही आले नाहीत. भात उरला, तो गायीला घातला.

मग पाऊस आला आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. रोवणाऱ्या बाया बांधीत उतरल्या, चिखलात रांग धरून उभ्या राहिल्या, पण कोणी वाकेना. आमच्याकडे पऱ्ह्यांची पहिली पेंढी घरच्या बाईनं हातात द्यायची असते.

एक म्हातारी म्हणाली, "कोण देते, बापू?"

मी चिखलात उतरलो आणि दिली. साळा शेताच्या कोरड्या धुऱ्यावर उभा होता, चपला हातात घेऊन. बायांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या भावानंही पेंढीला हात लावावा, असं त्यांच्या मनात असावं. मी त्याला ये म्हटलं नाही. बाया वाकल्या.