पाणघोड्याचं तोंड

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या ऑफिसात सगळे पाणघोडा म्हणतात, आणि तिला त्याचा भारी अभिमान. आवाज ऐकला की तुम्हाला वाटेल, कोणीतरी पोट सुटलेला, दाढी वाढवलेला बुवा दुपारच्या झोपेतून अर्धवट उठलाय. प्रत्यक्षात ती माझ्या खांद्याला लागते आणि लहान मुलांच्या मापाच्या चपला घालते. फोन उचलला की पलीकडचा माणूस हमखास म्हणतो, भाऊ, जरा ताईंना देता का? ताईच बोलतायत हे पटवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं.

हा आवाज तिला जन्मतःच मिळाला. पाळण्यात रडायची तेव्हा शेजारचे विचारायचे, घरी कसलं मशीन आणलंत? आमच्या आत्येभावांनी तिचं नाव भोंगा ठेवलं. आई मात्र त्या आवाजाने खरोखर धास्तावलेली असायची. पाहुणे आले, दुकानात गेलो, जिन्यात कोणी भेटलं, की आईचं सुरू: हळू बोल, घरात कोणी बाप्या शिरल्यासारखं वाटतं. मुलगी मोठी होईल, आवाज पातळ होईल, असं ती स्वतःची समजूत घालायची. कसलं काय, मुलगी मोठी झाली आणि आवाज आणखीच जाड झाला. मग धाकटी चारचौघांत पुटपुटायला लागली. माझी वाघीण नुसती मांजरासारखी बोलते, हे बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्यात शाळेतल्या गाण्याच्या बाई. समूहगानाला सगळ्या वर्गाला उभं राहणं सक्तीचं होतं. बाईंनी हिचा एक सूर ऐकला, पेटी थांबवली आणि हिला उचलून मागच्या रांगेत टाकलं. म्हणाल्या, तू गाऊ नकोस, नुसतं तोंड हलव. दुसरी कोणी असती तर घरी येऊन रडली असती. ही आरशासमोर उभी राहिली. बाईंच्या ओठांवर नजर ठेवून ती इतकी बेमालूम तोंड हलवायला शिकली, की स्नेहसंमेलनाला पुढच्या रांगेतले पालक म्हणाले, ती मागची छोटी काय सुंदर गाते! मी त्यांना काय ते ऐकवणार होते, पण आईने माझा दंड धरून ठेवला.

पुढे तिला नोकरी लागली तीही तोंडाचीच. कार्टून बनवणाऱ्या एका स्टुडिओत ती तोंडं काढते. पडद्यावरचं जनावर बोलतं तेव्हा प्रत्येक आवाजाला त्याचं तोंड वेगळं लागतं. 'आ'ला जबडा खाली, 'ओ'ला ओठांचा चंबू, 'प', 'ब', 'म' आले की ओठ मिटलेच पाहिजेत, नाहीतर बघणाऱ्याला काय बिघडलंय ते कळत नाही, पण बिघडलंय एवढं नक्की कळतं. म्हणून हिच्या टेबलावर कायम एक आरसा. त्यात बघून एकेक अक्षर तोंडाने करायचं आणि कागदावर उतरवायचं. शेजारच्या टेबलावर नवीन आलेली माणसं पहिल्या दिवशी घाबरतात, बाई आरशाला वेडावतेय असं त्यांना वाटतं.

आणि एक रीत आहे त्यांच्याकडे, ती नीट ध्यानात ठेवा. चित्रं आधी बिनतोंडाची होतात. हातपाय, झाडं, उजेड, सगळं बघून मालक होकार देतात, आणि तोंडं अगदी शेवटी चिकटवली जातात. ती पुन्हा कोणी तपासत नाही, कारण धाकटीच्या तोंडात कधी चूक निघालेलीच नाही.

मालिका मोठ्यांसाठी आहे, तशी पाटीच येते सुरुवातीला. बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर चार जनावरं राहतात आणि काही म्हणता काही करत नाहीत. एक शेळी, जिला सगळ्यातलं सगळं कळतं आणि जी कधी अंथरुणातून बाहेर येत नाही. एक घुबड, ते रात्रीही झोपतं. एक कासव, तरुणपणी मुलाखतीला निघालंय ते अजून फाटकापर्यंत पोहोचायचंय. आणि बाथटबात पडलेला पाणघोडा. एका भागात पाणघोड्याची सावली कंटाळून त्याला सोडून जाते, नोकरीला लागते, बढती मिळवते, आणि हा तिच्या पगारावर टबात लोळतो. एकदा दिवा बदलायचा आळस म्हणून चौघं चंद्रालाच भाडेकरू ठेवतात, आणि तो सकाळी न्हाणीघर अडवून बसतो म्हणून भांडणं. मधूनमधून अशा शिव्या, की मी शिलाई मशीनवर बसून ऐकताना सुई बोटात घालून घेतली होती. कोणी काही सांगितलं की पाणघोड्याचं उत्तर एकच. "बघू." काम असो, आग लागलेली असो, जगबुडी असो. बघू.

हा पाणघोडा धाकटीच्या तोंडी आला तो निव्वळ अडचणीपोटी. चित्रं काढायला आधी आवाज लागतो. खरा नट मिळेपर्यंत ऑफिसातलंच कोणीतरी संवाद म्हणून टाकतं, त्याला ते कच्चा आवाज म्हणतात. त्या दिवशी पाणघोड्याला शोभेल असा जाड घसा असलेलं कोणी सापडेना, म्हणून हिला माइकसमोर ढकललं. हिने विचारलं, पाणघोडा टबात पडलाय ना, मग मी उभं राहून कशी बोलू? सरळ जमिनीवर आडवी झाली, माइक खाली ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज न दाबता बोलली. "बघू." काचेपलीकडे माणसं हसून हसून वाकली. नट शोधायचा राहूनच गेला आणि कच्चा आवाजच पक्का होऊन बसला. फक्त शेवटी नावांची पाटी येते तिच्यावर हिचं नाव नाही, कारण कच्च्या आवाजाचं नाव घालत नाहीत म्हणे. मी म्हटलं, भांड त्यांच्याशी. ती म्हणाली, जाऊ दे गं ताई, मला बोलायला मिळतंय ना.

मालिका अशी काही गाजली, की रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत जो तो एकमेकांना बघू म्हणायला लागला. आमच्या आईने एकही भाग बघितला नाही. शिव्या असतात म्हणून, असं ती सांगायची. खरं कारण मला ठाऊक होतं. जो आवाज घरात दाबता दाबता तिची उमर गेली, तो गावभर मोठ्याने वाजतोय, हे तिला झेपत नव्हतं.

नवीन भागांची वेळ आली तेव्हा मालकांच्या डोक्यात हवा गेली. पाणघोड्याला त्यांनी एक सिनेमातला हिरो आणला. नाव सांगत नाही, त्याला फुकटची प्रसिद्धी कशाला. चित्रं नेहमीप्रमाणे धाकटीच्या कच्च्या आवाजावर काढून झाली होती. हिरो आला, ताठ उभं राहून, खड्या आवाजात सगळं धडाधड बोलून गेला. हिच्या एका 'बघू'त त्याची तीन वाक्यं व्हायची. झालं, घोडं तिथेच अडलं. आवाज पुढे आणि तोंड मागे. मग मालकांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि फार गोड बोलून सांगितलं, पाणघोड्याची सगळी तोंडं नवी कर, हिरोच्या आवाजाला बसतील अशी. म्हणजे आपला आवाज आपल्याच हाताने पुसायचा. एवढ्यावर न थांबता ते म्हणाले, तुझ्याइतकं हुबेहूब दुसऱ्या कोणाला जमत नाही.

तिने हे घरी जेवताना सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तू काय म्हणालीस? ती म्हणाली, बघू म्हटलं. मी ताट बाजूला सारून उठले. अगं, ती जनावरं आळशी आहेत, तू लाचार आहेस, असं मी तिला तोंडावर बोलले. नोकरी सोड, माझ्याकडे काजं-बटणं करायला बस, पण हे करू नकोस. आई मध्ये पडली. म्हणाली, चांगली नोकरी आहे, आवाज काय, आला काय आणि गेला काय.  धाकटी फक्त आईकडे बघत राहिली, आणि मला आईचाही राग आला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला जुंपली. हिरोचा आवाज कानाला लावायची, आरशात बघायची, काढायची. ऑफिसातल्या बाकीच्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं, की तिच्या टेबलाकडे कोणी फिरकेना. मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिला डबा करून द्यायचे आणि तोंड फिरवायचे.

नवा पहिला भाग बाहेर जाण्याआधी स्टुडिओत सगळ्यांच्या घरच्यांना दाखवायची त्यांची पद्धत आहे. मला जायचं नव्हतं. पण आई म्हणाली, आता तिचा आवाज नाहीये त्यात, मी येते. हे ऐकून मी कपाळावर हात मारला आणि साडी बदलली.

पुढे सोफ्यावर मालक आणि हिरो, मागे खुर्च्यांच्या रांगा. आम्ही शेवटच्या रांगेत, कारण धाकटी तिथेच जाऊन बसली. अंधार झाला. पेट्रोल पंप दिसला, कासव फाटकाच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकलं, लोक हसले. शेळी बोलली, तोंड चोख हललं. मग टबातला पाणघोडा आला आणि हिरोचा आवाज घुमला.

पाणघोड्याचं तोंड मिटलेलं होतं.

आवाज चाललाय, विनोद चाललेत, शिव्या चालल्यात, आणि तो धटिंगण ओठ घट्ट आवळून सरळ समोर बघतोय. पुढच्या सोफ्याकडे बघतोय असंच वाटत होतं. लोकांना आधी तीच गंमत वाटली, या मालिकेत चंद्र न्हाणीघर अडवतो तिथे हे काय विशेष. पण पुढच्या प्रसंगातही तेच. घुबडाचं तोंड हलतं, शेळीचं हलतं, त्याच्या नोकरदार सावलीचंसुद्धा हलतं. पाणघोडा गप्प. हसणं हळूहळू विरलं. हे धाकटीने मुद्दाम केलंय, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी अंधारात धाकटीचा हात शोधला आणि इतका दाबला, की ती कळवळली.

मालकांनी भाग थांबवला. दिवे लागले.

पुढचं काय झालं ते आधीच उरकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. मालकांना उपरती वगैरे काही झाली नाही. हिरोने काळा चष्मा चढवला, या जनावराला मी पसंत नाही म्हणाला आणि आपल्या माणसांसकट निघून गेला. भाग द्यायची तारीख जवळ आली होती, आणि आपल्या आवाजावर बेतलेली जुनी तोंडं धाकटीने जपून ठेवली होती. तीच परत चिकटवावी लागली. आवाज तिचाच राहिला आणि पाटीवर नाव आलं. मालक अजून तिच्याशी धड बोलत नाहीत, आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही. पण हे सगळं नंतरचं. दिवे लागले तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं, आणि नोकरी गेली असंच आम्ही तिघी धरून चाललो होतो.

मालक उभे राहिले. मागे वळून त्यांनी विचारलं, पाणघोड्याचं तोंड का हलत नाही? आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली. सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. धाकटी उठली. इतक्या लोकांत, आई शेजारी, जन्माची सवय. ती काहीतरी पुटपुटली. मालक म्हणाले, काय? ती पुन्हा पुटपुटली. मलाही ऐकू आलं नाही.

तेव्हा आईने मान वर केली. बराच वेळ ती पडद्यावरच्या त्या मिटलेल्या तोंडाकडेच बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा रागाने लाल झाला होता. हा राग कोणावरचा, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

"मोठ्याने बोल," आई म्हणाली. "पुढपर्यंत ऐकू जात नाहीये."

धाकटीने एकदा आईकडे बघितलं. मग छाती भरून श्वास घेतला, आणि तो जाडजूड, घोगरा, टबातला आवाज अख्ख्या हॉलमध्ये भरला.

"शाळेत दुसऱ्यांच्या आवाजावर मी पुष्कळ तोंड हलवलं, साहेब. आता मी हलवणार नाही, आणि तोही नाही. त्या तोंडात माझा आवाज बसेल, नाहीतर ते मिटलेलं राहील."

सोफ्यापर्यंत शब्द न् शब्द पोहोचला. आईने पदराने डोळे पुसले, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि आता मालक काय म्हणतात ते ऐकायला खुर्चीत पुढे सरकून बसली.